‘खुद्द’

ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दिघीवरून आमच्या विश्रांतवाडीत येते. पुण्यात शिरण्यापूर्वी वारकऱ्यांना चहा-पाणी देण्याचा मान आमच्या ह्या वस्तीचा. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी हा सोहळा पाहत आलो आहे. मी येथे राहावयास आलो तेव्हा धानोरी आणि कळसच्या बाजूला अजून ज्वारीची शेते दिसत. आता तेथे इमारती उभ्या आहेत. पालखीचा रस्ता मात्र तोच आहे आणि त्या रस्त्याने चालत येणारी माणसे बहुतेक शेतावरचीच आहेत.

शिरूर तालुक्यातील आमच्या गावची दिंडी येते, तिच्याबरोबर आमचा वाटेकरीही येतो. गावात त्याला सारे ‘बापू’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. वयाने तो माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. बाजरीची पेरणी उरकून तो निघतो, आमच्याकडे येऊन हातपाय धुतो, चहा घेतो, शेताची हकीकत सांगतो आणि पुन्हा दिंडी गाठतो. २०२४ साली तो असाच आला. चहाची बशी खाली ठेवीत सहज म्हणाला, “तात्या, तुमचे दोन हजार आले का?”

आले होते. त्याच जून महिन्यात पंतप्रधान किसान सन्मान योजनेचा हप्ता माझ्या खात्यात जमा झाल्याचा संदेश आला होता. मी म्हणालो, “आले. आणि तुझे?”

तो हसला. “आमचे कुठून येणार? आमचं नाव कुठं हाय?”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस नाही म्हणावे तितक्या सहजपणे तो बोलला आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. मी जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम केले. नांगराची मूठ कशी धरतात हे मला सांगता येणार नाही. वडिलांकडून वाट्याला आलेली दोन एकर जिरायत माझ्या नावावर आहे. मला आयकर भरावा लागत नाही, निवृत्तिवेतन नाममात्र आहे. म्हणून सरकारी नियमाप्रमाणे मी ‘पात्र शेतकरी’ ठरतो. तिसरी पिढी ती जमीन कसणारा बापू ठरत नाही. ह्यात नियमाची चूक म्हणावी तर कोणी काही लबाडी केलेली नाही. मग हे असे झाले कसे? वाचनाची थोडी सवय आहे, पुण्यात ग्रंथालयांना तोटा नाही. त्या प्रश्नामागे लागून जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

सरकारने शेतकऱ्याच्या हाती पैसा द्यावा ही कल्पना काही नवी नाही. आपल्याकडे तिला जुना शब्द आहे, तगाई. अरबी ‘तकावी’ वरून तो आला. त्याच्या मुळाशी बळकटी देणे हा अर्थ आहे. जो मोडला आहे त्याला पुन्हा उभे राहण्यापुरते बळ द्यावयाचे, ती तगाई. तिचे सर्वांत सुंदर वर्णन मला सापडले ते ५ सप्टेंबर १६७६ च्या शिवछत्रपतींच्या पत्रात. दक्षिण कोकणातील प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत ह्याला ते लिहिलेले आहे. महाराज त्याला सांगतात की, कचेरीत बसून राहू नकोस, गावोगाव फीर. गावातील कुणबी गोळा कर आणि एकेकाची चौकशी कर. कोणाकडे माणूसबळ किती, बैल किती, दाणे किती, ते पाहा. ज्याच्या घरी कष्ट करणारी माणसे आहेत पण बैल नाही, दाणा नाही, त्याचे काम अडून राहते. त्याला बैलांसाठी रोख पैसा दे, पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य दे, आणि जेवढे शेत त्याच्याने होईल तेवढे करव. वसुली करताना व्याज-वाढी घेऊ नकोस. मुद्दलच घे, तेही त्याला ताकद येईल तसतसे हळूहळू. ह्या कामी दोन लाख लारींपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेही महाराज बजावतात.

हे पत्र आपण अभिमानाने वाचतो आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु मला त्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. महाराज ‘जमीन कोणाच्या नावाची’ असे विचारीत नाहीत. ‘कष्ट करणारे हात कोणाचे आणि त्या हातांना कमी काय’ एवढेच विचारावयास सांगतात. आणि ते कळावे म्हणून सुभेदाराला गावी जावयास लावतात. कागदावरून ते कळणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पेशवाईतही तगाई होती. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल मिळे. पहिल्या वर्षी सारा थोडा, पुढे वर्षावर्षाला चढत जाऊन मग पुरा, अशा चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. गावात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कुणबी असत. मिरासदार वतनाच्या हक्काने जमीन करणारा, उपरी बाहेरून येऊन कौलाने करणारा. मान मिरासदाराचा मोठा खरा, पण पडीत जमिनीच्या कौलाचा लाभ उपऱ्यालाही मिळे, कारण सरकारला जमीन पिकलेली हवी होती. त्या काळी सारे सोन्याचे होते असे मला म्हणावयाचे नाही. मदत पाटलाच्या हातून खाली येई आणि पाटलाच्या हाताला काय चिकटत असेल ते चिकटत असेल. तरी पण रयत कोण हे पाटलाला आणि कमाविसदाराला तोंडाने ठाऊक असे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि कारभार तोंडाकडून कागदाकडे गेला. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली पहिली मोजणी फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, आकार ठरला आणि सारा भरणाऱ्याचे नाव लिहिले गेले. आजच्या सातबाऱ्याचा पणजोबा तो हाच. ह्या व्यवस्थेत पुष्कळ चांगले होते. सारा ३० वर्षांसाठी ठरला, पाटलाची मनमानी कमी झाली. पण त्याबरोबर दुसरी एक गोष्ट घडली. जमिनीला धनी म्हणून कागदावर नाव लागताच ती गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली, सावकाराला कोर्टातून जप्त करता येऊ लागली.

पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले. विलायतेला तिकडचा कापूस मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला भाव चढला. सावकारांनी हात सैल सोडला, कुणब्यांनी कर्जे काढली. युद्ध थांबले तसे भाव बसले. त्याच सुमारास ३० वर्षांची मुदत भरून साऱ्याची फेरआकारणी झाली आणि तो वाढला. रोखे मात्र होते तसेच राहिले. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडीतील सुपे गावी, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. हेच ते दख्खनचे दंगे. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते पसरले, सुमारे साडेनऊशे माणसे पकडली गेली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला तेव्हा एक गोष्ट दिसून आली. खून-जखमा फार थोड्या होत्या. जमावाचा रोख होता तो रोख्यांवर आणि वह्यांवर. कागद काढून घ्यावयाचे आणि जाळावयाचे. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, परंतु आपला गळा कशात अडकला आहे हे त्याला पुरते समजले होते.

दंग्यापाठोपाठ १८७६ चा दुष्काळ आला. १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जाच्या दाव्यांत काही संरक्षण देणारा दख्खनचा कायदा झाला. आणि मग सरकारने जुनी तगाई नव्या पोशाखात आणली. १८८३ चा जमीन-सुधारणा कर्जाचा कायदा विहिरी, ताली, बांध ह्यांसाठी, तर १८८४ चा शेतकरी-कर्जाचा कायदा बी-बियाणे, बैल आणि तत्सम निकडीच्या गरजांसाठी. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला तोही १८८३ सालीच. अज्ञानात ठेवलेल्या शेतकऱ्याला सरकारी कचेरीत कसे नागवले जाते ह्याचे चित्र त्यांनी काढले आहे.

नवी तगाई पेरणीच्या घाईत फारशी उपयोगी पडेना. अर्ज करावयाचा तो मामलेदाराच्या कचेरीत. तारण म्हणून जमीन दाखवावयाची, नाहीतर जामीन आणावयाचा. चौकशी होईपर्यंत मृग निघून जावयाचा. वसुली साऱ्याच्या थकबाकीसारखी ठरल्या दिवशी. सावकाराचे व्याज भारी, पण तो मध्यरात्रीही दार उघडी. ह्याचा हिशोब पुढे सत्तर वर्षांनी लागला. रिझर्व्ह बँकेने गोरवालांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. आपले धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी काढलेल्या कर्जांत सरकारचा वाटा शेकडा ३.३ आणि सहकारी संस्थांचा ३.१ निघाला. सावकारांचा, धंदेवाईक आणि शेतकरी-सावकार मिळून, जवळजवळ ७० टक्के होता. दोन कायदे, सत्तर वर्षे, आणि शंभरातले तीन रुपये!

मदत कागदाच्या वाटेने जात होती तोवर कागदावरची नावे वाढत होती आणि जमिनीचे तुकडे पडत होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाचा अभ्यास करून १९१७ साली तो प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली साडेसतरा, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ आणि १९१४-१५ साली अवघी ७ एकर राहिली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते आणि त्यांतील ४६३ तुकडे एकराहून लहान होते. आज पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती आहेत. पण उरलेल्या महाराष्ट्रात मॅनसाहेबांनी पाहिलेली वाटणी अखंड चालू आहे. माझे दोन एकर हे वडिलांच्या सहा एकरांचा तिसरा हिस्सा. पुढे माझी दोन मुले.

येथवरचा इतिहास वाचताना मी तटस्थ होतो. येथून पुढे तो आमच्या घरात शिरतो.

स्वातंत्र्य आले आणि ‘कसेल त्याची जमीन’ हा शब्द सरकारने उचलला. मुंबई राज्याचा कूळ कायदा १९४८ साली झाला आणि १९५६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल तो तिचा मालक मानला जाईल, त्याने ठरलेली किंमत सरकारमार्फत हप्त्यांनी द्यावी, असा तो कायदा. हजारो कुळे त्यामुळे जमिनीची धनी झाली, ही गोष्ट लहान नव्हे. कित्येक गरीब विधवांच्या जमिनी गेल्या, हीही खरी.

पण कायदा येणार येणार म्हणता वर्षे गेली आणि त्या वर्षांत मालक सावध झाले. घरी कसावयाची म्हणून काहींनी जमिनी परत घेतल्या. काहींनी कुळांकडून राजीनामे घेतले. राजीनामा म्हणजे ‘मी ही जमीन खुशीने सोडून देत आहे’ असे कुळाने लिहून द्यावयाचे आणि मामलेदारापुढे त्याची शहानिशा व्हावयाची. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर ह्यांनी ह्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून १९५७ साली अहवाल दिला. कुळांची जमीन अशा रीतीने मोठ्या प्रमाणावर सुटत असल्याचे त्यांना आढळले. कागदावर सारी खुशी होती.

आमचे वडील तालुक्याच्या बाहेर प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या पश्चात त्यांची एक पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. फेरफाराचे उतारे, साऱ्याच्या पावत्या, आमची जन्मटिपणे असे तिच्यात पुष्कळ आहे. ती कधी नीट पाहिली नव्हती. त्या जून महिन्यात बापू गेल्यावर मी ती उघडली. तळाशी १९५५ सालचा राजीनामा होता. बापूच्या आजोबांचा. खाली निळ्या शाईचा अंगठा, बाजूला शिक्का. मजकूर वडिलांच्या मोत्यासारख्या अक्षरात होता. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

राजीनामा दिल्यानंतर बापूचे आजोबा कोठे गेले? कोठेच नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशीही तेच शेत नांगरले. आता ते कूळ नव्हते, वाटेकरी होते. बी-खत निम्मे, पीक निम्मे, सारे तोंडी. सातबाऱ्याचे दोन भाग असतात हे पुष्कळांना माहीत असते. नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा हा पिकांचा. ह्या बाराच्या भागात जमीन करणाऱ्याचे नाव लिहिण्याचा रकाना असे. वडिलांनी जपून ठेवलेल्या साऱ्या उताऱ्यांत त्या रकान्यात वर्षानुवर्षे एकच शब्द आहे, ‘खुद्द’. म्हणजे मालक स्वतः कसतो. वडील कोसावरच्या शाळेत बाराखडी शिकवीत होते आणि कागदावर खुद्द नांगर धरीत होते. त्यांच्या मागे मीही धरला. विश्रांतवाडीत बसून.

वडील दुष्ट नव्हते. मास्तरांच्या पगारात पाच मुले वाढवीत होते आणि सहा एकर गेली तर म्हातारपणी काय, ह्या धास्तीने त्यांनी ते केले. त्यांच्या पिढीतल्या शेकडो घरांत हेच झाले असेल. त्याचा परिणाम मात्र विलक्षण झाला. जो कायदा कसणाऱ्याला जमीन देण्यासाठी होता, त्याच्याच भीतीने कसणाऱ्याचे नाव कागदावरून पुसले गेले. आजही कोणी मालक वाटेकऱ्याला लेखी द्यावयास धजत नाही. कूळ लागेल, हे दोन शब्द उच्चारले की गावातील शहाणी माणसे गप्प होतात. आणि एकदा कागदावरून नाव गेले की कागदाच्या वाटेने येणारे काहीच त्या माणसापर्यंत येत नाही. बँकेचे पीककर्ज सातबाऱ्यावर. २००८ सालची मोठी कर्जमाफी बँका आणि सोसायट्यांच्या कर्जाला. सावकाराकडून काढलेल्या कर्जाला ती नव्हे. २०१७ सालची राज्याची कर्जमाफी तशीच. २०१९ साली आलेली सन्मान योजना १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्यांची नावे जमिनीला होती त्यांच्यासाठी. वर्षाचे ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३ पासून आपल्या राज्याने तेवढीच भर घातली.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत १९३३ साली शेतमालाचे भाव सावरण्यासाठी सरकारने कापूस कमी पिकवणाऱ्यांना पैसा देण्याचे ठरविले. करार झाले ते मळेवाल्यांशी. त्यांनी वाटेकऱ्यांना त्यांचा हिस्सा द्यावा अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी तो दिला नाही. शिवाय जमीन पडीक ठेवावयाची तर वाटेकरी तरी कशाला, म्हणून कित्येकांना घराबाहेर काढले. तेव्हा आर्कान्सा संस्थानात १९३४ साली काळ्या-गोऱ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन आपला संघ काढला. तिकडे जमीन आपल्याहून कितीतरी मोठी, भाषा निराळी, वर्ण निराळे. पैसा मात्र येथल्यासारखाच धन्याच्या दारापर्यंत आला आणि तेथेच थांबला.

मग कागदाखेरीज मदत देताच येत नाही काय? येते, आणि ते महाराष्ट्रानेच दाखविले आहे. १९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीच्या चांगला स्मरणात आहे. त्या वेळी रोजगार हमीची कामे निघाली, वि. स. पागे ह्यांनी त्या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यातील मर्म असे होते की, सातबारा विचारावयाचा नाही. जो माणूस कामाला येईल आणि अंगमेहनत करील त्याला मजुरी. बाई आली तर तिच्या हातात तिची मजुरी. ह्या कामांसाठी १९७५ साली शहरांतील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. तो माझ्याही पगारातून कापला जाई. मी त्या वेळी कुरकुरत असे. आज वाटते की माझ्या हातून बापूच्या घराला काही पोचले असेल तर ते त्या कापलेल्या रुपयांतून. त्याची आई खडी फोडावयास जात होती हे मला ठाऊक आहे. त्या योजनेतही खोटे हजेरीपट झाले, मजुरी रखडली, हे सारे झाले. परंतु तिने विचारलेला प्रश्न महाराजांनी रामाजी अनंताला विचारावयास सांगितलेल्या प्रश्नाच्या जातीचा होता, कष्ट करणारे हात कोणाचे?

बायकांचे नावही असेच कागदाबाहेर राहिलेले. निंदणी-खुरपणी, कापणी, कांद्याची लावण हे सारे त्यांच्या हातचे, आणि सातबारा नवऱ्याचा नाहीतर सासऱ्याचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावे करावा असा तो कार्यक्रम, आणि कितीतरी गावांत पुरुषांनी तसे केलेही. सरकारी अनुदानापेक्षा घामाचा रास्त भाव द्या, असे म्हणणारे हे गृहस्थ. त्यांनाही अखेर कागदावर नाव चढविल्यावाचून बाईचे ऋण फिटत नाही असे वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

म्हणून कागद वाईट असे मी म्हणणार नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, पण जाळून कर्ज फिटले नाही. कागद खरा असावा, एवढेच. आता तलाठ्याची वाट न पाहता शेतकऱ्याने मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करावी अशी ई-पीकपाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे सुरू झाली. बापूचा मुलगा शेतात उभा राहून ती करतो. छायाचित्र बापूच्या बाजरीचे, नोंद माझ्या नावाची. यंत्र नवे आले, पण शब्द जुनाच राहिला.

पालखी पंढरपूरला पोचून बापू परत गेल्यावर मी गावी गेलो. दोन हजार रुपये पाकिटात घालून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते घेतले नाहीत. म्हणाला, “तात्या, हे तुम्ही आज द्याल. तुमच्या माघारी पोरं देतील का? द्यायचंच तर मला कराराचा कागद करून द्या. इमा उतरवायला गेलो तर नोंदणीचा करार मागत्यात. गेल्या साली बाजरी पावसात गेली, तुमच्या नावानं इमा कोण उतरवणार?”

मी राजीनाम्याची गोष्ट काढली. त्याला ती ठाऊक होती. “आजा सांगायचा. मास्तरांनी बोलावलं, अंगठा दिला. मास्तर माणूस चांगला, जमीन काढून तर घेतली न्हाई, कसू दिली.” एवढे म्हणून तो बैलांना पाणी दाखवावयास उठला. मला त्याच्या रागाची तयारी होती. त्याच्या ह्या शब्दांची नव्हती.

घरी आल्यावर मुलांना सांगितले. थोरला म्हणाला, “बाबा, पैसे द्या, हवे तर वर्षाचे सगळे द्या. पण लेखी देऊ नका. कूळ लागेल.” माझ्या वडिलांचाच आवाज मला ऐकू आला. तो चुकीचे बोलत नव्हता. कायद्यात त्याच्या भीतीला आधार आहे. लेखी दिले तर बापूला उद्या ती जमीन मागण्याचा हक्क पोचू शकेल. आणि मी मनाशी विचारले, पोचला तर? सत्तर वर्षे ज्यांनी ती कसली त्यांचा हक्क पोचला तर त्यात अघटित ते काय? पण हे विचारणे सोपे आहे. दोन एकरांचा आजचा भाव मला ठाऊक आहे, आणि मुलांच्या डोक्यावरची घराची कर्जेही ठाऊक आहेत. ह्या पेचात मी सव्वा वर्ष काढले. तेवढ्यात आणखी हप्ते आले. बापूने ते घेतले नाहीत. ते मी निराळे ठेवले आहेत.

आज दिवाळी तोंडावर आहे. लक्ष्मीपूजनाला आपण हिशोबाच्या वह्यांची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी, बलिप्रतिपदेला, शेतकऱ्यांच्या घरी बळीराजाची आठवण करून त्याचे राज्य यावे म्हणून मागणे मागतात. वही आणि बळी ह्यांना आपल्या पूर्वजांनी असे शेजारी बसविले आहे. मला वाटते, सरकारी मदतीचा साडेतीनशे वर्षांचा सारा इतिहास ह्या दोन दिवसांच्या मधल्या रात्रीत मावतो. वहीत बळीचे नाव आहे की नाही, एवढाच त्यातला प्रश्न.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या मजकुरातील चुका शोधल्या. काना-वेलांटीची चूक राहिली तर रात्री झोप येत नसे. माझ्या स्वतःच्या कागदावर दोन अक्षरांची एवढी मोठी चूक छापली जात राहिली आणि मी ती तपासली नाही. ह्या पाडव्याला मी गावी जाणार आहे. कराराचा मसुदा मी स्वतः लिहून काढला आहे. त्यात बापूचे नाव आहे आणि त्याच्या बायकोचेही आहे. धाकट्याने सही करण्यास हरकत नाही म्हणून कळविले. थोरल्याचा होकार अजून आलेला नाही. जाताना ट्रंकेतला तो राजीनामाही मी बरोबर घेणार आहे. जाळण्यासाठी नव्हे. तो बापूच्या हाती द्यावयाचा आहे.